कॉलेज बास्केटबॉलचं वेळापत्रक छोट्या संघाला न्याय देतं का? घरबसल्या तपासायची रीत

आमच्या फ्रिजवर एक चुंबक आहे. मुलगी अमेरिकेतल्या ज्या छोट्या सरकारी विद्यापीठात शिकते, तिथल्या पुरुष बास्केटबॉल संघाचे वर्षभराचे सामने त्यावर छापलेत. घरचे सामने ठळक अक्षरांत, बाहेरचे साध्या अक्षरांत आणि नावाआधी 'अॅट'. मुलगी तिथल्या बँडमध्ये ट्रोम्बोन वाजवते आणि बँड फक्त घरच्या सामन्यांना असतो. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात तिचा फोन आला, "आई, आमची टीम इथे खेळतच नाहीये." मी फ्रिजपाशी जाऊन मोजलं. नोव्हेंबरच्या आठ ओळींत ठळक दोनच, आणि त्यातलं एक कॉलेज पहिल्या, म्हणजे सर्वात वरच्या, विभागातलंसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून दर वर्षी वेळापत्रक आलं की मी वही घेऊन बसते. "छोट्यांवर अन्याय होतो" हे मार्चमध्ये सगळेच म्हणतात, पण तो नेमका कुठे होतो हे मोजायची सवय फार थोड्यांना असते. लागतं काय? संघाचं वेळापत्रक, पेन्सिल आणि एनसीएए या अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारी, नेट नावाची संघांची क्रमवारी. मुलं तिकडे शिकत असतील किंवा नुसता मार्च मॅडनेसचा, म्हणजे मार्चमधल्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेचा, नाद असेल, तरी हे जमण्यासारखं आहे.

आधी हे माहीत हवं

एनसीएएच्या पहिल्या विभागात साडेतीनशेहून जास्त संघ आहेत आणि ते ३१ कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांमध्ये, विभागलेले आहेत. मार्चच्या स्पर्धेत ६८ संघ घेतात. ३१ कॉन्फरन्सचे विजेते थेट जातात, उरलेल्या ३७ जागा निवड समिती भरते. सगळी ओढाताण या ३७ जागांसाठी.

संघाचे हंगामात तीसेक सामने होतात. त्यातले १६ ते २० आपल्याच कॉन्फरन्समधले, ते कॉन्फरन्स ठरवते. उरलेले दहा-बारा सामने प्रत्येक कॉलेजने स्वतः जुळवायचे. बीसीसीआय रणजीचं वेळापत्रक काढते तसं इथे वरून कुणी काढत नाही. दोन प्रशिक्षक किंवा त्यांचे सहायक फोनवर बोलतात, घासाघीस होते, करार होतो. जत्रेच्या फडात वस्ताद उभे राहून काटाजोड लावतात. इथे वस्तादच नाही, आणि मोठा पैलवान आपली जोड आपणच निवडतो.

पायरी १: चाळणी लावा

वेळापत्रकातून कॉन्फरन्सचे सामने बाजूला काढा. ते बहुतेक घरी निम्मे, बाहेर निम्मे असतात, तिथे तक्रारीला फारशी जागा नसते. मग पहिल्या विभागाबाहेरच्या कॉलेजांशी असलेले सामने खोडा. ते नेट क्रमवारीत धरलेच जात नाहीत. छोटे संघ ते ठेवतात, कारण घरच्या प्रेक्षकांना काहीतरी दाखवायला हवं आणि पहिल्या विभागातलं कुणी यायला तयार नसतं. आमच्या चुंबकावरच्या दोन ठळक ओळींपैकी एक अशी गळाली.

पायरी २: 'कुठे' हा रकाना भरा

उरलेल्या प्रत्येक सामन्यापुढे घ, बा किंवा त लिहा. घरी, बाहेर, तटस्थ. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

घरच्या मैदानाची किंमत ढोबळमानाने तीन गुण धरतात. बास्केटबॉलमध्ये तीन गुणांनी किती सामने सुटतात ते सांगायला नको. त्यात प्रवास, परीक्षेच्या आठवड्यात बुडणारे तास, अनोळखी रिंग आणि पंच. कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यात पंच सहसा यजमानाच्या कॉन्फरन्सकडून नेमले जातात. ते पक्षपाती असतात असं मी म्हणत नाही, पण यजमानाला ते ओळखीचे असतात आणि पाहुण्याला नसतात.

आता मोठ्या संघाचंही वेळापत्रक घ्या आणि तिथेही घ, बा, त लिहा. दोन कागद शेजारी ठेवले की बोलायची गरज उरत नाही. मोठ्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात घ घ घ, मध्ये एखाद-दोन त आणि अगदी क्वचित बा. छोट्याकडे याच्या उलट. सगळ्यात टोकाचं उदाहरण टेक्सस सदर्नचं. ह्यूस्टनचं हे ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ २०१७-१८ च्या हंगामात पहिले १३ सामने घराबाहेर खेळलं आणि तेराही हरलं. त्यात गोन्झागा होतं, कॅन्सस होतं. जानेवारीत बरोबरीच्या संघांशी गाठ पडल्यावर तोच संघ जिंकत सुटला, स्वॅक कॉन्फरन्सचं विजेतेपद घेतलं आणि मार्चच्या स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेरीत, डेटनच्या फर्स्ट फोरमध्ये, नॉर्थ कॅरोलायना सेंट्रललाही हरवलं. ०-१३ या आकड्यावरून संघ कसा होता हे कळतच नव्हतं. फक्त तो कुठे कुठे फिरला होता ते कळत होतं.

पायरी ३: चेक कुणी कुणाला दिला ते शोधा

मोठा संघ छोट्याला पैसे देऊन आपल्या घरी बोलावतो आणि परतीचा सामना खेळत नाही. याला बाय (विकत घेतलेला) गेम किंवा गॅरंटी गेम म्हणतात. मी याला दक्षिणा म्हणते: यायचं, हरायचं, पाकीट घेऊन बसमध्ये बसायचं.

केंटकीने २०१९ मध्ये एव्हन्सव्हिलला ९०,००० डॉलर दिले होते. साधारण असेच आकडे असतात. असे पाच सामने धरले तर साडेचार लाख डॉलर होतात, आणि लहान क्रीडा विभागासाठी ती रक्कम मोठी असते. म्हणून नुसता बाय गेम दिसला की "अन्याय" म्हणू नका. पैसे उघडपणे ठरतात, दोघांच्या सह्या होतात, आणि छोट्या गावच्या मुलांना वीस हजार लोकांसमोर खेळायला मिळतं. कधीकधी पाकीट घेऊन जिंकूनही येता येतं. त्या एव्हन्सव्हिलने १२ नोव्हेंबर २०१९ रोजी रप अरीनात पहिल्या क्रमांकाच्या केंटकीला ६७-६४ हरवलं. पैसे घेतलेच, वर सामनाही घेतला. दोनच आठवड्यांनी स्टीफन एफ. ऑस्टिनने पहिल्या क्रमांकाच्या ड्यूकला त्यांच्याच घरी जादा वेळेत ८५-८३ असं हरवलं. ड्यूक तोवर कॉन्फरन्सबाहेरचे घरचे सलग १५० सामने जिंकत आलं होतं. शेवटच्या क्षणी चेंडू हिसकावल्यावर नेथन बेन एकटा धावत सुटला आणि वेळ संपता संपता त्याने तो रिंगमध्ये घातला. बहामात त्याच्या कुटुंबाचं वादळात मोठं नुकसान झालं होतं. त्या एका टोपलीनंतर अनोळखी लोकांनी त्यांच्यासाठी एक लाख डॉलरहून जास्त मदत जमा केली.

एव्हन्सव्हिलचं पुढे काय झालं हे मात्र कुणी सांगत नाही. त्याच हंगामात त्यांच्या कॉन्फरन्समधले १८ च्या १८ सामने ते हरले. एका रात्रीवरून व्यवस्था न्याय्य ठरवायची नसते, म्हणून हे इथे लिहिलं.

मोजायचं असं: बाय गेमची संख्या भागिले कॉन्फरन्सबाहेरचे एकूण सामने. तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असेल तर मी बोलत नाही. निम्म्याच्या वर गेलं की ते वेळापत्रक संघासाठी नाही, ताळेबंदासाठी केलेलं आहे.

पायरी ४: प्रत्येक सामना कुठल्या क्वाडमध्ये पडतो ते लिहा

इथे जरा बसून काम करावं लागतं. २०१८-१९ पासून समिती आरपीआय या जुन्या क्रमवारीऐवजी नेट वापरते आणि सामने चार क्वाड्रंटमध्ये लावते. प्रतिस्पर्धी कितव्या क्रमांकावर आणि सामना कुठे, यावर क्वाड ठरतो.

क्वाड वन: घरी १ ते ३०, तटस्थ १ ते ५०, बाहेर १ ते ७५.
क्वाड टू: घरी ३१ ते ७५, तटस्थ ५१ ते १००, बाहेर ७६ ते १३५.
क्वाड थ्री: घरी ७६ ते १६०, तटस्थ १०१ ते २००, बाहेर १३६ ते २४०.
त्याखालचे सगळे क्वाड फोर.

समितीच्या टेबलावर प्रत्येक संघाचं जे टीम शीट असतं, त्यात हे चार रकाने दिसतात. वनमधले विजय छाती फुगवतात, थ्री-फोरमधले पराभव मान खाली घालायला लावतात.

आता छोट्या कॉन्फरन्समधल्या चांगल्या संघाचा, समजा ६० व्या क्रमांकाच्या संघाचा, कागद भरा. त्याच्या कॉन्फरन्समधले बहुतेक संघ १५० व्या क्रमांकाच्या पुढचे. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचे दोन महिने तो क्वाड थ्री आणि फोरमध्येच खेळणार. जिंकला तर "त्यात काय विशेष", हरला तर डाग. बिग टेन या बड्या कॉन्फरन्समधल्या मधल्या फळीच्या संघाला मात्र कॉन्फरन्समध्येच दर आठवड्याला क्वाड वनची संधी चालून येते. तो त्यातले निम्मे हरला तरी त्याचं शीट भारदस्त दिसतं. छोट्याला ही संधी फक्त नोव्हेंबर-डिसेंबरात, तीही कुणी दिली तरच आणि दिली तर बहुधा परक्या मैदानावर.

मॉनमथने २०१५-१६ मध्ये हे सगळं करून दाखवलं होतं. यूसीएलएला त्यांच्या घरी जाऊन हरवलं, जॉर्जटाउनला त्यांच्या घरी, नोत्र दाम आणि यूएससीला तटस्थ मैदानावर. २७ विजय, ७ पराभव. पण कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात आयोनाकडून हरले आणि समितीने त्यांना बाहेर ठेवलं, कारण तळाच्या संघांकडून झालेले दोन-तीन पराभव शीटवर काळे दिसत होते. त्यांच्या बाकावरची राखीव मुलं दर टोपलीनंतर अभिनय करून जल्लोष करायची, सगळी अमेरिका ते बघायची. मार्चमध्ये ती घरी बसून टीव्ही बघत होती.

२०२४ मध्ये इंडियाना स्टेटची तीच गत झाली. २८ विजय, ६ पराभव, नेटमध्ये पहिल्या तिसांत, आणि तरी जागा नाही. पुढे ते एनआयटी या दुय्यम स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन गुणांनी हरले. उन्हाळ्यात प्रशिक्षक सेंट लुइसला गेले आणि गॉगल लावून खेळणारा त्यांचा लाडका सेंटर रॉबी अव्हिला त्यांच्या मागोमाग गेला. एक जागा हुकली आणि घर रिकामं झालं.

पायरी ५: डब्ल्यूएबीने उलटतपासणी

२०२४-२५ पासून टीम शीटवर विन्स अबव्ह बबल (डब्ल्यूएबी) हा आकडाही असतो. प्रश्न साधा आहे: जेमतेम पात्र ठरणारा एखादा संघ हेच वेळापत्रक खेळला असता तर किती जिंकला असता, आणि तुम्ही त्यापेक्षा किती जास्त जिंकलात?

एक सामना हाताने करून बघा. बलाढ्य संघाच्या घरी, जिथे असा काठावरचा संघ दहापैकी तीन वेळाच जिंकेल, तिथे जिंकलात तर अधिक ०.७, हरलात तर फक्त उणे ०.३. तळाच्या संघाशी आपल्या घरी, जिथे तो शंभरात ९८ वेळा जिंकेल, तिथे जिंकलात तर अधिक ०.०२. हरलात तर उणे ०.९८. छोट्या कॉन्फरन्समधला फेब्रुवारी हा असा ०.०२ ने सरकतो आणि एका वाईट रात्री धाडकन उणे एकाजवळ येतो.

तरीही मला हा आकडा क्वाडपेक्षा प्रामाणिक वाटतो. क्वाडमध्ये ७५ आणि ७६ यांच्यात भिंत आहे, इथे उतार आहे. दोन्ही काढा. क्वाड वाईट पण डब्ल्यूएबी चांगला असं दिसलं, तर संघ चांगला आहे आणि त्याला सामने मिळाले नाहीत, असं समजायला हरकत नाही.

पायरी ६: जे सामने नाहीत त्यांची यादी करा

ही पायरी फारसं कुणी करत नाही आणि माझ्या मते खरा अन्याय इथेच सापडतो. नकाशा उघडा. कॉलेजपासून गाडीने तीन तासांच्या आतली सगळी मोठी विद्यापीठं लिहा. प्रत्येकाशी शेवटचा सामना कधी झाला आणि कुठे? मग त्या मोठ्या संघांनी यंदा पैसे देऊन कुणाला बोलावलं ते बघा. बहुतेक नावं क्रमवारीत २५०-३०० च्या पुढची निघतील. शेजारचा ८० व्या क्रमांकाचा संघ यादीत नसतो. तळाचा संघ चेक घेतो आणि हरतो, ८० वाला चेक घेऊन जिंकूही शकतो.

गंमत अशी की कागदावर मोठ्याचाही फायदा छोट्याकडे जाण्यात आहे. ११० व्या क्रमांकाच्या संघाला घरी हरवलं तर क्वाड थ्रीचा विजय, त्याच्या घरी जाऊन हरवलं तर क्वाड टूचा. हरलात तरी तिथे क्वाड टूचा पराभव, त्यावर कुणी भुवया उंचावत नाही. प्रशिक्षकांना हे गणित आपल्यापेक्षा चांगलं येतं. तरी ते जात नाहीत. घरचा एक सामना गेला तर तिकिटं, पार्किंग आणि खाण्यापिण्याचं उत्पन्न जातं, आणि छोट्या हॉलमध्ये हरल्याचं चित्रण वर्षभर टीव्हीवर फिरतं.

तटस्थ स्पर्धांचा दरवाजाही आता अरुंद होतो आहे. पूर्वी नोव्हेंबरातल्या आठ संघांच्या स्पर्धेत एक-दोन छोटे संघ असायचे. २०२४ मध्ये लास व्हेगसला प्लेअर्स एरा सुरू झाली, तिने सहभागी संघांच्या खेळाडूंसाठी दहा-दहा लाख डॉलर ठेवले आणि बोलावली ती मोठी नावं. मोठ्यांनी मोठ्यांशी तिथे खेळून घेतलं की त्यांच्या वेळापत्रकात उरते ती फक्त दक्षिणेची जागा.

छोट्या कॉलेजच्या बाजूला असाल तर काय मागायचं

विद्यार्थी, पालक, माजी विद्यार्थी यांचं क्रीडा विभाग ऐकतो, निदान ऐकल्यासारखं करतो. "मोठ्यांना इथे आणा" एवढंच म्हणाल तर हसून चहा पाजतील. नेमकं मागा.

दोनास एक मागा: दोन सामने त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. सारखी देवाणघेवाण मिळाली तर उत्तमच, पण ती बहुधा मिळत नाही. आपला हॉल त्यांना फार लहान वाटत असेल तर जवळच्या शहरातलं मोठं सभागृह सुचवा, यजमान आपणच.

आपल्यासारख्यांशी हात मिळवा. २०२३-२४ पासून मॅक आणि सन बेल्ट या दोन कॉन्फरन्स नोव्हेंबरात आणि पुन्हा फेब्रुवारीत एकमेकांशी सामने ठेवतात. फेब्रुवारीच्या जोड्या हंगामातली कामगिरी बघून लावतात, म्हणजे चांगल्याची गाठ चांगल्याशी पडते आणि सामना घरी किंवा बाहेर असा ठरलेला असतो. २००३ ते २०१३ या काळात ब्रॅकेटबस्टर्स नावाने हाच प्रयोग टीव्हीवर चालायचा.

कॉन्फरन्सचे सामने कमी करता येतात का ते विचारा. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सने २०१८-१९ मध्ये १८ चे १६ केले. वाचलेल्या दोन तारखांना चांगले संघ गाठता येतात.

स्वॅकच्या कॉलेजांनी २०२२ मध्ये पॅक-१२ या बड्या कॉन्फरन्सशी करार करून मोठ्यांना आपल्या घरी आणलं. काय झालं? टेक्सस सदर्नने अॅरिझोना स्टेटला हरवलं, ग्रॅम्बलिंगने कोलोरॅडोला, प्रेअरी व्ह्यूने वॉशिंग्टन स्टेटला. तिन्ही एकाच आठवड्यात. ज्या संघांना वर्षानुवर्षं "तुम्ही त्या दर्जाचे नाही" असं ऐकावं लागलं, त्यांच्या बाबतीत घर या रकान्याने किती फरक पडतो ते एका आठवड्यात दिसलं. पुढे पॅक-१२ च फुटली, हा भाग वेगळा.

शेवटची पायरी: करार मागवा

सरकारी विद्यापीठांचे सामन्यांचे करार सार्वजनिक कागद असतात. आपल्याकडच्या माहितीच्या अधिकारासारखे कायदे अमेरिकेत प्रत्येक राज्यात आहेत. नावं वेगळी, मुदती वेगळ्या, काही ठिकाणी राज्याच्या रहिवाशानेच अर्ज करावा लागतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक नोंदींसाठीचा अर्ज असतो. त्यात दोन्ही संघांची नावं, सामन्याची तारीख आणि "करार व त्यातील बदल" एवढं लिहा. खासगी विद्यापीठाला हा कायदा लागू नसतो, पण समोरचा संघ सरकारी असेल तर तोच कागद तिकडून मिळतो.

करार दोन-तीन पानांचा असतो. रक्कम, फुकट तिकिटं, प्रक्षेपणाचे हक्क, पंच कोण नेमणार हे वाचा, पण बोट ठेवा ते रद्द करण्याच्या कलमावर. दोनास एकच्या करारात मोठा संघ आपल्या घरचे दोन सामने आधी खेळून घेतो आणि तिसऱ्या वर्षी यायचं टाळतो, असं होऊ शकतं. त्याला रोखतो फक्त तिथला दंड. त्या तारखेला दुसरा संघ बोलवायला मोठ्याला जेवढे पैसे मोजावे लागतील त्यापेक्षा दंड कमी असेल, तर परतीचा सामना झालाच असं समजू नका.

यंदाच्या आमच्या चुंबकावर डिसेंबरातल्या एका बुधवारी शेजारच्या राज्यातलं मोठं नाव ठळक अक्षरांत आहे. दोनास एकचा तिसरा सामना. मुलीचं शेवटचं वर्ष आहे आणि बँडची तालीम सुरू झाली आहे. दंडाचा आकडा मी अजून पाहिलेला नाही. अर्ज गेल्या सोमवारी टाकलाय.